कापराचा वास येणारा खण: शेफील्डच्या एका चाकूसंग्रहाचं प्रकरण

माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाकूंचे क्रमांक, घटनांचा क्रम आणि चुका तशाच ठेवल्या आहेत. त्यातली मोठी चूक माझीच आहे.

पार्श्वभूमी

काका 1968 साली धातुशास्त्राची पदवी घेऊन इंग्लंडला आले आणि शेफील्डजवळच्या एका पोलाद कारखान्यात चिकटले. शेफील्ड म्हणजे चाकू-सुऱ्यांचं माहेर. चाकू करणाऱ्यांची तिथली संस्था, ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’, 1624 साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. बेंजामिन हंट्समनने 1740च्या दशकात मुशीत वितळवलेलं एकजीव पोलाद काढलं ते याच परिसरात, आणि 1913 मध्ये हॅरी ब्रिअर्लीचं न गंजणारं पोलादही इथलंच. दिवसभर भट्टीपुढे उभं राहणाऱ्या माणसाला त्याच पोलादाच्या बोटभर वस्तूंचा नाद लागला, यात नवल नाही.

रविवारी पहाटे काका ‘कार बूट सेल’ला जायचे. लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनंपानं विकायला मांडतात, तो बाजार. तिथून एकेक घडीचा चाकू घरी यायचा. चाळीस वर्षांत 64 जमले. चार उथळ खणांचं एक ओकचं कपाट त्यांनी खास करवून घेतलं होतं. पहिल्या खणात फ्रेंच माल: सॅव्हॉयचे ओपिनेल (लाकडी मुठीचे, 1955 नंतरचे फिरत्या कड्याचे), तिएरमध्ये घडवलेले लॅगिओल, नाँत्राँचा डागकाम केलेला बॉक्सवुडचा एक. दुसऱ्यात जर्मनीतल्या सोलिंगेनचे आणि स्विस. तिसरा आणि चौथा खण सगळा शेफील्डचा.

शेफील्डच्या या चाकवांना ‘स्लिपजॉइंट’ म्हणतात. पात्याला कुलूप नसतं. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी स्प्रिंगसारखी ताणलेली असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. चांगला चाकू उघडताना शेवटी ‘खट्’ असा भरीव आवाज येतो आणि मिटताना पुन्हा तसाच. काका डोळे मिटून त्या आवाजावरून माल ओळखायचे, असं काकू सांगतात. थोडी अतिशयोक्ती असेल, पण आवाज हीच या चाकवांची नाडी, हे खरं. पाठपट्टीच्या दोन्ही बाजूंना पितळेचे पातळ पत्रे असतात, त्यावर मुठीच्या पट्ट्या रिव्हेट मारून बसवतात. पट्ट्या हाडाच्या, शिंगाच्या, शिंपल्याच्या, आबनूसच्या. सांबरशिंग तर कित्येक दशकं आपल्याकडूनच तिकडे जात होतं. 1990च्या दशकाच्या अखेरीस भारताने शिंगांची निर्यात बंद केली, तेव्हापासून जुन्या सांबरशिंगी मुठींना वेगळाच भाव आला.

काकांनी शंभर पानी वहीत प्रत्येक नगाची नोंद ठेवली होती. या प्रकरणातली महत्त्वाची नोंद अशी: “नग 23. कासवपाठ. दोन पाती. 6 पौंड. 1983. बाई घासाघीस करू देईना.”

अडचण कशी समोर आली

काका गेले त्या हिवाळ्यात कपाट बंदच होतं. फेब्रुवारीत काकूंनी मला बोलावलं. मीही थोडेफार चाकू बाळगतो आणि लीड्सला राहतो, म्हणून. त्यांच्या मुलीला घर आवरायचं होतं आणि “हा शस्त्रसाठा” आधी हलवायचा होता. शब्द तिचाच.

तिसरा खण ओढला आणि देव्हाऱ्याचा वास आला. आरती झाल्यावर तबकातून येतो तसा.

“अगं बाई, कापूर!” काकू म्हणाल्या. “यांनीच ठेवला असणार. गंज धरू नये म्हणून.”

मला पटलं. हत्यारांच्या पेटीत कापराच्या वड्या टाकणारे जुने फिटर मीही पाहिलेत. खणात वडी काही दिसली नाही, पण कापूर उडून जातोच. पाचसहा चाकवांवर तांबूस ठिपके होते, पितळेच्या कडांवर हिरवट कीट होती. खण बाहेरच्या भिंतीला लागून, खोली थंड, इंग्लंडचा हिवाळा. मी निदान केलं: दमट हवा. पात्यांना मिनरल ऑइलचा हात फिरवला, कोपऱ्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आणि दमटपणा आत शिरू नये म्हणून खणाच्या फटीला चिकटपट्टी लावून टाकली.

ही चिकटपट्टी लक्षात ठेवा.

दुसरी भेट, मे महिना

चिकटपट्टी काढून खण उघडला तेव्हा कापराचा वास विरळ झाला होता. त्याच्या जागी नाकात झिणझिण्या आणणारा, कॉलेजच्या रसायनशाळेतला वास होता. फेब्रुवारीतले ठिपके आता खड्डे झाले होते. पितळेचे पत्रे ताकात राहिलेल्या भांड्यासारखे कळकले होते. खणात अंथरलेला कागद एका जागी तपकिरी पडून बोट लावताच भुगा होत होता.

ती जागा नग 23ची. मी चाकू उजेडात धरला. कासवपाठीच्या मधाळ-काळ्या मुठीवर आतल्या आत बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं, पट्टी आक्रसून रिव्हेटजवळ तडकली होती आणि कडेला घामासारखे चिकट थेंब होते. अंगठ्याने जोरात चोळल्यावर तिथून कापराचा वास आला.

खऱ्या कासवाच्या पाठीला कापराचा वास येत नाही. ही मूठ सेल्युलॉइडची होती.

सेल्युलॉइड म्हणजे कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्यात कापूर कालवलेला पदार्थ. बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्सने त्याची पहिली आवृत्ती 1862 मध्ये लोकांपुढे ठेवली आणि पुढे जगभरच्या चाकूवाल्यांना तो वरदान वाटला. कासवपाठ, शिंपला, हस्तिदंत, हवं ते सोंग तो हुबेहूब घेतो. पण तो टिकाऊ नाही. कैक वर्षांनी, कधी अचानक, तो सडायला लागतो. आधी कापूर निघून जातो, मग नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. ते शेजारच्या पोलादाला खातं, पितळेला खातं आणि उलटून सेल्युलॉइडलाही खातं, त्यामुळे सडणं आणखी वेगाने होतं. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, फार तर रेंगाळवता येतं.

म्हणजे फेब्रुवारीत आम्हाला जो संरक्षणाचा वास वाटला, तोच रोगाचा होता. आणि मी फट बंद करून तो वायू आत कोंडला.

खात्री कशी केली

एकदा निदान चुकल्यावर दुसऱ्यांदा घाई करायची हिंमत नव्हती. सगळे चाकू जिथल्या तिथे ठेवून मी कागदावर खणाचा नकाशा काढला. पुढची ओळ नग 17 ते 24, मागची 25 ते 32. प्रत्येकापुढे गंजाची पायरी लिहिली: नाही, ठिपके, खड्डे. दमटपणा दोषी असता तर भिंतीकडची मागची ओळ सगळी सारखीच खराब व्हायला हवी होती. तसं नव्हतं. 22, 24 आणि मागच्या ओळीतले 30, 31, 32 यांना खड्डे. 21 आणि 29ला ठिपके. दूरच्या कोपऱ्यातले 17 आणि 25 जवळजवळ स्वच्छ. नकाशावर 23भोवती रिंगणच उमटलं.

मग ओल्या निळ्या लिटमस कागदाच्या पट्ट्या चार ठिकाणी रात्रभर ठेवल्या. सकाळी 23शेजारची लालभडक, दूरच्या कोपऱ्यातली निळीच.

हे दोन्ही उपाय मला फेब्रुवारीतही करता आले असते. पैसे लागत नव्हते, हुशारीही फारशी लागत नव्हती.

कोणते पर्याय होते

मुलीचा पहिला आग्रह सगळं पोलिसांच्या चाकू जमा करण्याच्या पेटीत टाकण्याचा होता. तिची भीती अनाठायी नव्हती. ब्रिटनमध्ये चाकूंबाबतचे कायदे कडक आहेत आणि वर्तमानपत्रं ती भीती रोज ताजी करतात. म्हणून आधी कायद्याची बाजू नीट पाहिली. 1988च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार पात्याची धार तीन इंचांपर्यंतची आणि पात्याला कुलूप नसलेला घडीचा चाकू सार्वजनिक जागी बाळगण्यावर बंदी नाही. ओपिनेलचं कडं हे कुलूपच, त्यामुळे तो सबळ कारणाशिवाय खिशात घालून बाहेर न्यायचा नाही. घरात ठेवायला मात्र यातल्या बहुतेकांना हरकत नव्हती. अपवाद एकच निघाला: दुसऱ्या खणातला बटण दाबताच पातं उडणारा जर्मन चाकू. 14 जुलै 2021 पासून असा चाकू घरात ठेवणंही गुन्हा आहे. तो त्याच आठवड्यात जमा केला. त्यावर चर्चाही झाली नाही.

दुसरा पर्याय लिलाव. काकूंना पैशांची निकड नव्हती, पण “माझ्यानंतर कोण बघणार” हा प्रश्न होता. इथे एक जुना गुंता वर आला. नग 46 हा हस्तिदंती मुठीचा छोटा पेन-नाइफ होता. मुठीच्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या जाळीदार रेषा भिंगातून दिसतात, हाडात त्या नसतात, काळसर बारीक टिंबं असतात. ब्रिटनचा 2018चा हस्तिदंत कायदा 6 जून 2022 पासून लागू आहे. 1947 पूर्वीच्या वस्तूत हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल तर नोंदणी करून विकता येते. या चाकूची मूठ म्हणजेच निम्मी वस्तू. म्हणजे विकायचा नाही. जवळ ठेवता येतो, भेट देता येतो. पुण्याच्या पुतण्याने तोच मागितला होता. हस्तिदंत सीमेपार नेण्याची परवान्यांची भानगड ऐकून त्याने सांबरशिंगावर समाधान मानलं.

गंमत म्हणजे या काळात आम्ही 23बद्दलही काळजी करत होतो, पण भलतीच: कासवपाठ, म्हणजे वन्यजीव कायदा लागणार! वहीतला शब्द आम्ही प्रमाण मानला होता. त्या शब्दाने आमचं लक्ष कायद्याकडे नेलं, रसायनाकडे नाही.

तिसरा पर्याय मला सर्वांत मोहात पाडणारा होता: सगळे चाकू घासूनपुसून लखलखीत करायचे. चौथा, सेल्युलॉइडचे नग वेगळे काढून बाकीच्यांना फक्त स्थिर करायचं. पाचवा, 23च्या पट्ट्या काढून नव्या बसवून घ्यायच्या.

काय केलं

चौथा पर्याय धरला आणि पाचव्याचा थोडा भाग.

आधी सगळे 63 नग तपासले. वहीवर विश्वास न ठेवता, मूठ चोळून, हुंगून, भिंगातून पाहून. आणखी तीन सेल्युलॉइडचे निघाले: 28 (शिंपल्याचं सोंग), 41 आणि 50. तिघेही वरकरणी ठणठणीत. त्यांना खोक्याला भोकं पाडून, एकमेकांपासून लांब, गॅरेजच्या थंड कपाटात ठेवलं. प्लास्टिकच्या पिशवीत नाही. पिशवी म्हणजे पुन्हा माझी चिकटपट्टी.

23 शेफील्डमधल्या एका वयस्क कारागिराला दाखवला. एकटे काम करणाऱ्या अशा कारागिरांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणतात, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्याने नवी मूठ बसवून द्यायची तयारी दाखवली, पण वर दोन गोष्टी सांगितल्या. सेल्युलॉइड पॉलिशच्या चाकावर धरायचं नाही, भडकतं. आणि मूठ बदलली की चाकू वापरायला चांगला, पण तो काकांचा 23 राहणार नाही. काकूंनी नवी मूठ नको म्हटलं. पट्ट्या तेवढ्या काढून घेतल्या.

बाकीच्यांची स्वच्छता मी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर केली. आम्ल लागलेले भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसले, लगेच कोरडे केले. सांध्यात पातळ मिनरल ऑइल सोडून पातं थोडं उघडायचं, मिटायचं, बाहेर येणारा काळा चिखल दातकोरणीने आणि चिंधीने टिपायचा, पुन्हा तेल. चिंधीवर काळं यायचं थांबेपर्यंत. घरातलं खोबरेल किंवा गोडेतेल चालत नाही, ते काही महिन्यांत चिकट होऊन सांधा धरतं. तांबडा गंज तेलात भिजवून तांब्याच्या तुकड्याने खरवडला. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही.

काळपट-निळसर थर मात्र ठेवला. इथे काकूंशी माझा थोडा वाद झाला. त्यांना पाती चकचकीत हवी होती. मी त्यांच्याच विळीकडे बोट दाखवलं. कैरी चिरून चिरून पातं काळं झालंय, पण गंजलेलं नाही. साध्या पोलादाच्या चाकूचं तसंच असतं. तो थर घासला की खालचं कोवळं पोलाद उघडं पडतं. शिवाय पात्याच्या बुडावरचा कारखान्याचा छाप उथळ असतो, दोनचार वेळा घासला की गेला. नग 22 शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा होता, तारा आणि माल्टीज क्रॉसच्या छापाचा. गंजाचा एक खड्डा थेट ताऱ्याच्या टोकाशी आला होता. मी तिथे तांबंही लावलं नाही, फक्त तेलाचा थेंब.

शेवटी ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेल्या रेनेसान्स मेणाचा पातळ हात दिला आणि खणातला जुना कागद फेकून सुती कापड अंथरलं. ओकच्या लाकडातूनही आम्ल सुटतं, म्हणून खण आता पूर्ण लोटत नाही, बोटभर उघडा राहतो.

निकाल

खड्डे पडलेल्या पाचांपैकी चार वाचले, व्रण घेऊन. 31 गेला. सांबरशिंगाचा, तिसऱ्या खणातला सर्वांत देखणा. सांधा घट्ट धरला होता, एक रात्र तेलात ठेवून मला सकाळी उघडायची घाई झाली. पातं अर्ध्यावर आलं आणि ‘खट्’ झालं. तो नेहमीचा खट् नव्हता. आतून गंजलेली पाठपट्टी मधोमध तुटली. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आवाज चांगला आला की रे.” मी काही बोललो नाही, नंतर सांगितलं.

23ची पाती आणि पितळी सांगाडा मुठीविना एका डबीत आहे. पट्ट्या नगरपालिकेच्या घातक कचऱ्यात दिल्या. लिलाव झाला नाही, मुलीने चौथा खण स्वतःकडे घेतला. कायदा नीट कळल्यावर तिची भीती बरीच उतरली होती. नातवाला लॅम्सफूट (सरळ धारेच्या) पात्याचा एक छोटा चाकू मिळाला, अठरा पूर्ण झाल्यावर द्यायच्या अटीवर.

पुन्हा करायचं झालं तर

वास आला त्या क्षणी मी “हा कुठून येतोय” हा प्रश्न विचारायला हवा होता. खणात वडी नव्हती, पुडी नव्हती, कपटाही नव्हता. तरी घरच्या ओळखीच्या वासाने मला निर्धास्त केलं. एखाद्या इंग्रज संग्राहकाला तिथे कदाचित लगेच शंका आली असती, त्याच्या घरात आरती नसते.

कारण कळेपर्यंत खण बंद करायलाच नको होता. संशयित चाकू टेबलावर उघड्यावर पसरून ठेवले असते तरी मधले तीन महिने वाचले असते. 31ला एक रात्र नाही, आठवडा द्यायला हवा होता, आणि पातं उघडायला लागलं की पुढे रेटण्याऐवजी परत मिटवायला हवं होतं.

वहीबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. ती चुकली म्हणून निरुपयोगी ठरत नाही. 1983 साली कार बूट सेलच्या अंधुक उजेडात ती मूठ कासवाचीच दिसली असणार. आम्ही प्रत्येक नोंदीखाली मुठीचं साहित्य कसं तपासलं ते पेन्सिलने लिहिलं, काकांची अक्षरं तशीच ठेवली.

बाकीच्या तीन सेल्युलॉइडवाल्यांपाशी दर दोन महिन्यांनी लिटमस ठेवायचं काम मुलीने घेतलं आहे. डिसेंबरात 28 आणि 50 निळे होते. 41 किंचित गुलाबी. तो आता गॅरेजमधून बागेतल्या शेडमध्ये गेला आहे.